प्रकल्प रात्री अकरानंतर कोण करतं?



दरवर्षी जानेवारी उजाडला की माझ्या टेबलावर प्रकल्पांचा ढीग लागतो. पवनचक्की, ठिबक सिंचन, सूर्यमाला, पावसाचं पाणी साठवणारं घर. त्यातले निम्मे मुलांनी केलेले नसतात हे मला माहीत असतं, तुम्हालाही असतं. आठवीतल्या मुलाचं अक्षर एका रात्रीत त्याच्या आईसारखं गोल होत नाही. काही तर दुकानातून तयारच आलेले असतात. एका वर्षी माझ्याकडे तीन सूर्यमाला आल्या आणि तिन्हींमध्ये शनीची कडी एकाच जागी मोडलेली होती. मी दर वेळी लाल शाईने शेरा मारते, "पालकांनी मदत मर्यादित ठेवावी." गेली एकोणीस वर्षं मारते आहे.

या मे महिन्यात मी स्वतः तेच केलं. रात्री अकरानंतर, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली, मुलगा झोपल्यावर. म्हणून हा लेख.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, कराडजवळ दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. १ जूनला त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. (ती त्यांची खरी जन्मतारीख नाही हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. आपल्याच कुणा गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली ती तारीख. निम्म्या महाराष्ट्राचे आजोबा त्याच दिवशी जन्मले आहेत.) पंचाहत्तरीला द्यायचं काय? शाली त्यांच्याकडे चार आहेत, एकही घडी मोडलेली नाही. घड्याळ ते घालत नाहीत. माझा मुलगा आठवीची परीक्षा देऊन मोकळा होता, तो म्हणाला, "आजोबांना गाडी देऊ." गाडी म्हणजे खरी गाडी नव्हे, बनवलेली.

त्याला हे सुचलं त्याचं कारण आमच्या शाळेतले एक सर. त्यांच्या भावाने पंचवीस वर्षांपूर्वी जपानहून एका जुन्या शर्यतीच्या गाडीचा मॉडेल किट आणला होता. तो खोका न उघडताच माळ्यावर पडून होता. सर म्हणाले, "मला काही जमणार नाही, तुम्ही बनवत असाल तर घेऊन जा." खोक्यावर गाडीचं चित्र होतं, हस्तिदंती पांढऱ्या रंगाची, पुढे लाल सूर्य, आणि आकडा ११. होंडा आरए २७२.

ही गाडी कोणती ते थोडं सांगते, कारण ते कळल्यावरच आम्हाला हीच भेट योग्य वाटली. होंडा कंपनीने चारचाकी वाहन पहिल्यांदा विकायला काढलं १९६३ साली, आधी एक छोटा मालवाहू ट्रक आणि मग एक छोटी स्पोर्ट्स कार. तोवर त्यांचं नाव मोटरसायकलींसाठी. आणि १९६४ मध्ये हीच कंपनी जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरली. लोक हसले असतील. पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९६५ रोजी, मेक्सिको सिटीत रिची गिंथर या अमेरिकन चालकाने आरए २७२ पहिल्या फेरीत पुढे काढली ती पासष्टाव्या फेरीपर्यंत मागे पडू दिली नाही. दुसऱ्या क्रमांकावरचा डॅन गर्नी तीन सेकंदांच्या आत होता. होंडाचा हा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय, आणि गिंथरच्या आयुष्यातला एकमेव.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला श्वास पुरत नाही. तिथे इंधन आणि हवेचं प्रमाण नीट जुळवणं फार अवघड, आणि होंडाने ते जुळवलं. हे मी मुलाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आजोबा कार्ब्युरेटर सेट करायचे तसं." अगदी तसं नाही, आरए २७२ ला कार्ब्युरेटर नव्हते, इंधन थेट फवारलं जायचं. पण मूळ मुद्दा तोच. आणि आप्पांचं होंडाशी नातं जुनं. आपल्याकडे १९८४ मध्ये हिरो होंडा कंपनी झाली आणि १९८५ मध्ये सीडी १०० आली. तोवर आप्पांनी टू-स्ट्रोक गाड्यांच्या धुरात आयुष्य काढलेलं. पहिली सीडी १०० उघडली त्या दिवशी ते घरी आल्यावर आईला म्हणाले होते, "आत सगळं देवघरासारखं आहे." हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं. स्वयंपाकघर आवरलेलं असलं की आई म्हणते, आज सीडी हंड्रेड केलंय.

तर असा खोका आम्ही एप्रिलच्या शेवटी उघडला.

ज्यांनी असा किट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना सुटे भाग देठांनी जोडलेले असतात, आंब्याच्या झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे. प्रत्येकाला आकडा. सोबत एक घडीपत्रक, त्यात पायरीपायरीने चित्रं. आधी इंजिन, मग गाडीचा सांगाडा, सस्पेन्शनच्या काड्या, मग अंग, शेवटी चाकं. भाग तोडायचे नसतात, कापायचे असतात. आम्ही पहिले चार भाग नेलकटरने कापले आणि चारही ठिकाणी पांढरे ओरखडे पाडले. मग आप्पांच्या जुन्या पेटीतला छोटा साइड कटर गुपचूप आणला. कापलेल्या जागी वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचा. साच्याच्या दोन अर्ध्या जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उठलेली असते, तीही घासून काढायची. फट राहिली तर लांबी भरायची, वाळली की पुन्हा घासायची.

गोंद लावायच्या आधी प्रत्येक भाग कोरडाच बसवून बघायचा, हा नियम मुलाने दोन दिवसांत स्वतः शोधला, अर्थात एक काडी उलटी चिकटवून. हा गोंद फेव्हिकॉलसारखा दोन वस्तूंच्या मध्ये बसत नाही. तो प्लॅस्टिकच वितळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. म्हणजे ते चिकटवणं कमी आणि वेल्डिंग जास्त. चूक झाली तर ओढून काढता येत नाही.

गणिताची शिक्षिका म्हणून मला यात काय काय सापडलं ते सांगायचा मोह आवरत नाही, पण थोडक्यात सांगते. किट १:२० प्रमाणाचा. खरी गाडी ३.९५ मीटर लांब, म्हणजे मॉडेल पावणेवीस सेंटिमीटर. इथवर नववीच्या मुलाला सांगावं लागत नाही. मग मी विचारलं, खरी गाडी ४९८ किलोची, तर त्याच साहित्याची वीसपट लहान गाडी केली तर वजन किती? तो म्हणाला, "पंचवीस किलो." वर्गात निम्मी मुलं हेच सांगतात. मी काही न बोलता पावणेवीस सेंटिमीटरचा सांगाडा त्याच्या हातात दिला. तो तळव्यावर घेऊन बसला, आणि एक मिनिटाने म्हणाला, "पंचवीस किलो कसं असेल? हे तर गव्हाच्या पोत्यासारखं झालं." मग लांबी वीसपट, रुंदी वीसपट, उंचीही वीसपट, म्हणून आठ हजारांनी भागायचं हे त्याचं त्यालाच उमगलं. ६२ ग्रॅम. पुढे गाडी पूर्ण झाल्यावर त्याने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर थोडी जास्त भरली, आणि प्लॅस्टिक हलकं असूनही जास्त का, यावर तो दिवसभर डोकं खाजवत होता. शेवटी म्हणाला, प्लॅस्टिक जाड आहे, खऱ्या गाडीचा पत्रा वीसपट पातळ केला तर तो कागदाहून पातळ होईल. घनफळाचा हा धडा मी फळ्यावर कितीदा शिकवला असेन!

रंगाचंही तसंच. मॉडेलवर ब्रशने दशांश मिलिमीटर जाडीचा हात दिला तर खऱ्या गाडीवर तो दोन मिलिमीटरचा गिलावा झाला. म्हणून पातळ, अगदी पातळ थर. आणि मे महिन्याच्या उन्हात फवारा मारला तर रंग गाडीपर्यंत पोचेतो हवेतच वाळतो आणि अंग दाणेदार होतं. आम्ही पहाटे सहाला गच्चीवर जायचो, तोंडाला मास्क बांधून. सुट्टीत सहाला उठणारा मुलगा मी पहिल्यांदा पाहिला.

आता मुख्य गोष्ट.

या गाडीचं इंजिन बारा सिलिंडरचं आहे आणि ते आडवं बसवलेलं आहे. चालकाच्या मागे, उघड्यावर, हवा ओढणाऱ्या बारा छोट्या तुताऱ्या दिसतात. मॉडेलमध्ये एकेक तुतारी ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मुलाने दुपारभर बसून त्या चंदेरी रंगवल्या. मी संध्याकाळी पाहिल्या. काही तुताऱ्यांच्या ओठावर रंगाचे थेंब गोठले होते, दोन ठिकाणी ब्रशचा केस चिकटला होता, आणि चंदेरी रंग खालच्या काळ्या भागावर उतरला होता. मी म्हटलं, "छान झालंय." तो झोपायला गेला.

आणि मग मी बसले. मनात काय होतं ते खरं सांगते. पंचाहत्तरीला पन्नास माणसं येणार, गाडी हातोहात फिरणार, आणि आतेबहिणी म्हणणार, हे कोणी केलंय? आप्पांसाठी म्हणून मी बसले असं मी स्वतःला सांगितलं, पण आप्पांना काय हवं याचा विचार त्या रात्री मी एकदाही केला नाही. मी रंग खरवडला, वॉटर पेपर फिरवला, आणि अगदी बारीक ब्रशने एकेक तुतारी पुन्हा रंगवायला घेतली. साडेबारापर्यंत सहा झाल्या. डोळे मिटायला लागले म्हणून उरलेल्या सहा तशाच ठेवून झोपले.

सकाळी तो टेबलाशी उभा होता. ओरडला नाही, रुसलाही नाही. एवढंच म्हणाला, "हे माझं नाही." मी म्हटलं, अरे थोडंसं नीट केलं. तो म्हणाला, "मग उरलेल्या सहा पण तूच कर. आजोबांना तूच दे." आणि सायकल घेऊन गेला. दोन दिवस त्याने खोक्याकडे पाहिलं नाही.

मला माझ्या टेबलावरच्या त्या सगळ्या सूर्यमाला आठवल्या. आजवर मी समजत होते की पालक मुलांना आळशी बनवतात, किंवा गुणांसाठी फसवतात. ते तर आहेच. पण मुलाच्या बाजूने काय होतं हे मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं. त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी होतं आणि मी ते काढून घेतलं. फळ्यावर चुकलेलं गणित खोडताना मी मुलाला विचारते, "खोडू का?" घरात विचारलं नाही.

इथे मला जे म्हणायचं आहे ते स्पष्ट म्हणते. आपण मुलांना कायम घेणारे करून ठेवलं आहे. वाढदिवसाला त्यांना भेट, त्यांच्या मित्रांना रिटर्न गिफ्ट (तेही आईने ऑनलाइन मागवलेलं), पास झाल्यावर सायकल, शाळेत पदक. किटही आपण मुलाला देतो आणि तो दोन दिवसांत कंटाळला की म्हणतो, आजकालच्या मुलांना चिकाटी नाही. उलट करून बघा. किट मुलाला देऊ नका, मुलाकडून कुणाला तरी देववा. एका ठरावीक माणसाला, ज्याचा चेहरा त्याला माहीत आहे. तो काय बघेल, कुठे बोट लावेल, हे मुलाला माहीत हवं.

याचा फरक मी डोळ्यांनी पाहिला. शाळेच्या प्रकल्पात माझ्या मुलाने पुठ्ठ्याची मागची बाजू कधी रंगवलेली नाही. कशाला रंगवेल, गुण पुढच्या बाजूला मिळतात. पण या गाडीत सीटच्या मागे, अंग बसवल्यावर कधीच दिसणार नाही असा एक भाग आहे, तो त्याने तीनदा रंगवला. मी म्हटलं, हे झाकलं जाणार आहे. तो म्हणाला, "आजोबा उघडून बघतील." माझ्या एकोणीस वर्षांच्या लाल शेऱ्यांनी एवढं काम कधी केलं नाही.

आमच्या शिक्षक कक्षात मी हे सांगितलं तेव्हा एका मॅडमनी रोखठोक विचारलं, "पण किट म्हणजे दुसऱ्याने आखलेलं काम. चित्र बघून जोडायचं. यात मुलाची निर्मिती काय? आणि आपल्या गावातल्या किती मुलांना असे किट परवडतात?" दोन्ही प्रश्न खरे आहेत.

परवडत नाहीत. आम्हालाही तो फुकट मिळाला म्हणून झाला. पण किटच हवा असं मी म्हणत नाही. बुटाच्या खोक्यातून आपल्या गावच्या एसटीची १:२० प्रतिकृती करता येते, फक्त आधी डेपोत जाऊन टेप लावून ती मोजावी लागेल. आणि ती कुणासाठी? निवृत्त होणाऱ्या एखाद्या चालककाकांसाठी. आपल्याकडे कार्यानुभव नावाचा विषय वेळापत्रकात आहेच, फक्त त्याचा तास गणिताला जातो. (तो तास मीही घेतलेला आहे, अनेकदा, परीक्षेच्या तोंडावर.) १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि हाताच्या कामातूनच बाकीचे विषय शिकवावेत ही नई तालीमची मांडणी पुढे आली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर. नवीन शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. कल्पना आपल्याकडे जुनी आहे. आपण ती वेळापत्रकात लिहून ठेवतो आणि तास गणिताला देतो.

निर्मितीचं म्हणाल तर मला एक गोष्ट सांगाविशी वाटते. जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया ही मॉडेल बनवणारी कंपनी आहे, मूळची लाकडाच्या धंद्यातली. १९७० च्या दशकात त्यांना पोर्शे गाडीचं मॉडेल करायचं होतं. त्यांनी चक्क एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आत काय आहे ते बघायला ती सुटी केली. दुसऱ्याने केलेली वस्तू इतकी नीट बघणं हेही मोठं काम आहे. आपण मुलांना "काहीतरी नवीन कर" असं सांगतो, पण समोरचं आहे ते बघायला कधी शिकवतो?

तिसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. सरळ "माझं चुकलं" म्हटलं. "तुझ्या भल्यासाठीच केलं होतं" वगैरे काही जोडलं नाही. विचारलं, माझ्या सहा तुताऱ्यांवरचा रंग काढून टाकू का? त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "राहू दे. पण लाल सूर्य माझा. तू हात लावायचा नाही."

लाल सूर्याची वेगळीच कथा झाली. किटमध्ये सूर्य आणि आकडे छापलेले पातळ कागद असतात. ते पाण्यात भिजवले की चित्राची पापुद्र्यासारखी चकती सुटते आणि ती गाडीवर सरकवायची. पंचवीस वर्षं माळ्यावर राहिल्याने कागद पिवळा पडला होता. तो खिडकीच्या काचेला आतून चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवला तर पिवळेपणा बराच उतरला, हा उपाय खरंच चालतो. ११ चे आकडे नीट बसले. सूर्य मात्र पाण्यात गेल्या गेल्या पापडासारखा तडकला.

म्हणजे तो रंगवायलाच हवा. मुलाने कंपासने मास्किंग टेपवर वर्तुळ काढलं, कापलं, आणि गाडीच्या पुढच्या अंगावर चिकटवायला गेला तर कडेला सुरकुत्या. अंग दोन्ही दिशांनी वळलेलं आहे, आणि सपाट कागद अशा पृष्ठभागावर सुरकुतीशिवाय बसतच नाही. भूगोलाच्या पुस्तकातला जगाचा नकाशा ध्रुवाकडे का पसरतो त्याचं कारण हेच. त्याने टेपला बाहेरून बारीक चिरा दिल्या आणि नखाने दाबत दाबत बसवला. आता भीती ही की टेपखालून लाल रंग झिरपेल. आप्पांच्या जुन्या गॅरेजशेजारी एक डेंटिंग-पेंटिंगवाले काका आहेत. मुलगा त्यांना विचारून आला. काका म्हणाले, "लाल मारायच्या आधी टेपच्या कडेवर पुन्हा पांढराच मार. झिरपायचं असेल तर पांढरा झिरपेल, आणि तो दिसणार नाही. मग लाल." मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. किती साधं आणि किती हुशारीचं! तरीही एका बाजूला, जिथे त्याने पांढरा घाईने मारला होता, तिथे लाल थोडा पसरला. त्याने तो बारीक ब्रशने झाकला. जवळून बघितलं तर कड किंचित नागमोडी दिसते.

माझे हात शिवशिवत होते. मी रोज रात्री दहालाच झोपायला जायला लागले.

माझा स्वतःचा एक पराक्रमही नोंदवते. समोरची चिमुकली पारदर्शक काच मी घाईत सुपरग्लूने चिकटवली. त्याची वाफ काचेवर बसते आणि ती धुक्यासारखी पांढरी पडते. मुलाने ती टूथपेस्टने घासून बरीचशी साफ केली, आणि मला काहीही बोलला नाही. वर्गात मी इतकी उदार असते का?

१ जूनला संध्याकाळी जेवणं झाली, औक्षण झालं, शाल आली (पाचवी), आणि मग मुलाने खोका पुढे केला. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेटीतली जुनी भिंगाची काच मागवली. पन्नास माणसांच्या गलक्यात ते गाडी वळवून वळवून बघत राहिले. सूर्याच्या कडेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट इंजिनाकडे.

"किती सिलिंडर?"

"बारा. दीड हजार सीसी."

"म्हणजे बारा सीडी हंड्रेड."

"नाही आजोबा, एकेक सव्वाशेचा."

आप्पा हसले. मग भिंग अजून जवळ नेलं, आणि बराच वेळ गप्प राहिले. "यावर दोन मिस्त्री होते का?" त्यांनी विचारलं. "या सहा एकाच्या हातच्या आहेत आणि या सहा दुसऱ्याच्या."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आप्पा, त्या गुळगुळीत सहा माझ्या."

"हं," आप्पा म्हणाले. त्यांनी गाडी मुलाच्या बाजूने वळवली, त्याच्या सहा तुताऱ्या वर आल्या, आणि त्याला जवळ बसवून घेऊन विचारलं, "आता मला सांग, एवढं लांब इंजिन त्यांनी आडवं का बसवलं?"